लाल लोकरीची खूण
मुलांनो, काल शिवणाच्या डब्यात लाल लोकरीचा तुकडा सापडला, म्हणून हे आजच लिहिते. तुमचा बाबा अमेरिकेला गेला त्याच्या आदल्या दिवशी त्याने आमच्या जुन्या गाडीत घाईघाईने दुसरा स्पीकर बसवला. तुमचे आजोबा तेव्हा हयात नव्हते, त्यामुळे लोणावळ्याच्या घरी मी एकटीच उरले. चार महिन्यांनी त्याने स्वतःच्या आवाजात भरलेली कॅसेट आली. ती वाजवायची सोय फक्त गाडीत होती, म्हणून ओलसर गॅरेजमध्ये बसून ऐकली. आवाज पोकळ आणि अशक्त वाटला. मुलगा आजारी आहे आणि माझ्यापासून लपवतो आहे, असं मनाने घेतलं. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी वडगावचा मेकॅनिक बॅटरी बघायला आला, त्याला ती ऐकवली. "बाई, पोरगं बरं हाय. ह्ये दोन स्पीकर येकमेकांच्या उलटं चालत्यात, म्हनून आवाज मरतोय." त्याने टॉर्चचा सेल दोन्ही स्पीकरच्या तारांना टेकवून दाखवला. एकाचा कागदी पडदा बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. "कुनी जोडलंय?" मी म्हटलं, "त्यानेच." "मग यिऊ द्या त्याला, कान धरू." तारांचे रंग उडाले होते, म्हणून प्लसच्या तारेला बांधायला मी तुमच्या बाबाच्या स्वेटरची उरलेली लाल लोकर दिली. तारांची अदलाबदल झाल्यावर आवाज भरून आला, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा. मी वळून पाहिलं. सीटवर माझी विणकामाची पिशवी होती. पुढे गाडी विकली, कॅसेटची फीतही तुटली. तारेवरून सोडवून घेतलेली ही लोकर मात्र अजून आहे.