मेणाच्या खोलीतली हवा

हे मी घरात कुणाशी बोललेले नाही. नवऱ्याशी नाही, आईशी नाही — आई तर गेलीच, तिला कळायच्या आधी. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर कदाचित तुमच्यासमोरही गप्पच बसले असते.

मी रसायनशास्त्र शिकले. नाशिकमध्येच एका लहान सल्लागार कंपनीत काम करते. कारखान्यात नवा माल वापरायला आणायचा असला की त्यानं कामगारांना, पाण्याला, मातीला काय होईल, ते आम्ही तपासून सांगतो. धोका आहे की नाही — एवढंच तर सांगायचं असतं. किती साधं वाटतं, नाही?

अंबडला, नाशिकच्याच औद्योगिक वसाहतीत, एक कारखाना आहे. तिथं धातूचे सुटे भाग ओततात. आधी त्या भागाची मेणाची प्रतिकृती करायची, तिच्यावर वाळूचं कवच चढवायचं, मेण वितळवून काढून टाकायचं आणि उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा. हे मेण आधी खनिज तेलाचं असायचं. मग मालकांनी नवं मेण आणलं — भाताच्या कोंड्यापासून काढलेलं, त्यात झाडाची राळ मिसळलेली. परदेशातल्या गिऱ्हाइकाला असंच हवं होतं. तपासणीचं काम आमच्याकडे आलं आणि आमच्या सरांनी ते माझ्यावर सोपवलं. एकटीवर, पहिल्यांदाच.

मी ते मन लावून केलं — हे सांगताना लाज वाटते, पण केलं. मेण मातीत पुरून पाहिलं, ते कुजत होतं. पाण्यात ठेवून पाहिलं, पाणी बिघडत नव्हतं. कातडीला त्रास नव्हता. सगळं चांगलं येत होतं आणि मला आनंद होत होता. आपल्या नाशकात, आपल्या हातून काहीतरी भलं होतंय, असं वाटत होतं.

मग एकदा सरांबरोबर कारखान्यात गेले होते; ते मालकांकडे बसले आणि मी मेणाच्या खोलीत गेले. तिथं बायका बसून मेणाचे तुकडे तापलेल्या सुरीनं एकमेकांना जोडत होत्या. सुरी टेकली की धुराची पांढरी रेघ वर उठायची, सरळ त्यांच्या तोंडावर. खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं मेण वाकतं. मी थोडा वेळ उभी राहिले. डोळे चुरचुरले. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. वास मात्र छान होता — देवळात येतो तसा.

आणि त्याच क्षणी मला आठवलं. राळ तापली की तिच्या धुरानं काही माणसांना दमा होतो. एकदा झाला की मग थोड्याशा धुरानंही छाती भरते. मी हे शिकलेले होते. मी सगळ्या तपासण्या केल्या होत्या त्या थंड मेणावर. तापलेल्या मेणाच्या धुराची एकही नाही.

त्या तपासणीसाठी मेण बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावं लागलं असतं. वेळ गेला असता. गिऱ्हाईक थांबलेलं, मालक थांबलेले. पण मला कुणी धमकावलं नाही, कुणी काही देऊ केलं नाही. परतताना गाडीत सरांनी विचारलं, "खोलीत काही वेगळं दिसलं?" मी म्हणाले, "नाही सर."

का म्हणाले? खूपदा विचार केलाय. मला वाटतं, मला त्यांचं "शाब्बास" हवं होतं. बस. एवढंच होतं ते.

मेणाला आमची मान्यता मिळाली. पण मी अजून मुद्द्यावर आलेले नाही — तुमच्या लक्षात आलं असेल.

माझा मामेभाऊ भास्कर देवळ्याचा. त्याला अंबडला सुरक्षारक्षकाची नोकरी लागली, तेव्हा तो मंगल वहिनीला आणि मुलीला घेऊन तिकडेच खोली करून राहिला. वहिनी धडधाकट, हसरी. सतत बोलायची, सतत गायची — भांडी घासताना, पोळ्या लाटताना. तिला काम हवं होतं. आणि त्या मेणाच्या कारखान्यात बायका घेत होते. आईनं मला विचारलं, तुझी ओळख आहे ना तिथं?

मी नाही म्हणू शकले असते. कारण द्यावं लागलं असतं. मी फोन केला.

पहिल्या पगाराला ती पेढे घेऊन घरी आली. "ताई, काम लय सोपं हाय. आन् वास तर असा येतो, जशी काय रोज पूजाच चाललीय," म्हणाली. मी पेढा खाल्ला.

खोकला पावसाळ्यानंतर सुरू झाला. आधी आम्ही सगळेच म्हणालो, हवा बदलली. मग तिला जिना चढताना थांबावं लागायला लागलं. मग ती गाणं मधेच सोडायची — ओळ पुरी व्हायची नाही. भास्कर घाबरला. मीच म्हणाले, मी नेते तिला छातीच्या डॉक्टरांकडे. त्याला वाटलं, किती माया हिची.

आता सांगते.

डॉक्टर तरुण होते, शांतपणे विचारत होते. म्हणाले, "काम काय करता?"

वहिनीनं तोंड उघडलं. मी तिच्या आधी बोलले. "देवळ्याच्या आहेत. लहानपणापासून कांद्याच्या चाळीत काम. धुळीतच वाढल्यात."

खोटं नव्हतंच ते. तिनं कांदे निवडले होते, लग्नाआधी. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. शिकलेली नणंद बोलतेय म्हटल्यावर ती कशाला बोलेल?

डॉक्टरांनी अजून एक विचारलं. "सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का?"

वहिनी पटकन म्हणाली, "हो, रविवारी लय बरं वाटतं बघा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. तुम्हाला कळतंय ना, तो प्रश्न का होता? मला कळलं होतं. त्या खोलीत ते कळणारे आम्ही दोघंच होतो. ते माझ्याकडे बघत होते. आणि मी हसून म्हणाले, "रविवारी आराम मिळतो ना हो, घरात कुणी कामाला हात लावू देत नाही."

पेन पुन्हा चालू झालं. धुळीची अ‍ॅलर्जी. तोंडात मारायचा पंप. धुळीपासून लांब राहा.

ती राहिली लांब. झाडताना तोंडाला पदर बांधायची. घरात कांदे आणणं बंद केलं. आणि रोज सकाळी डबा घेऊन मेणाच्या खोलीत जाऊन बसायची. वर्ष गेलं तसं, वर काही महिने. मी थांबवलं नाही. तेव्हा थांबवलं असतं तर छाती बरीचशी सावरली असती — हे मी नंतर वाचलेलं नाही, तेव्हाच मला माहीत होतं. दर वेळी भेटले की ठरवायचे, आज सांगू. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता? तुला कधीपासून माहीत होतं, ताई? त्या प्रश्नाला मी घाबरत होते. तिच्या श्वासाला नाही, त्या प्रश्नाला.

एका दुपारी ती कामावरच कोसळली. ओठ निळे पडलेले. दवाखान्यात ती काचेपलीकडे होती, नळ्या लावलेल्या, आणि भास्कर माझा हात धरून म्हणत होता, "ताई, तू होतीस म्हणून निदान डॉक्टर तरी वेळेवर पाहिला." मी हात सोडवून घेतला नाही.

ती जगली. त्यांनी अंबडची खोली सोडली, देवळ्याला परत गेले. आता तिला चुलीजवळ बसवत नाही, उदबत्तीचा धूर चालत नाही, लग्नाच्या मांडवात ती बाहेरच खुर्ची टाकून बसते. गात नाही. तिला वाटतं, तिची छातीच कमजोर. लोकांना सांगते, "चांगली नोकरी व्हती हो, ताईनं लावून दिली व्हती. मलाच नाय झेपली."

मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. मुलगी, प्रणाली, बारावी झाली होती. त्याच कारखान्यात मेणाच्या खोलीत जागा निघाल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. "ताई, तुमी शब्द टाकला तर घेतील तिला. टाकता का?" बोलताना मधे मधे थांबत होती, दम घेत होती. मी फोन कानाला लावून ते ऐकत होते.

मी म्हणाले, "वहिनी, तिथली जागा भरली. मी दुसरीकडे बघते."

जागा भरलेली नव्हती. मी चौकशीही केली नव्हती. प्रणालीला मी एका ऑफिसात लावलं, ती आता तिथं कॉम्प्युटरवर बसते. वहिनीनं त्याबद्दलही माझे आभार मानले.

पण फोन ठेवल्यावर मला एक गोष्ट स्पष्ट दिसली, जी मी इतकी वर्षं स्वतःपासूनही लपवली होती. मी म्हणायचे, खात्री कुठे आहे, तपासणी कुठे झालीये, कांद्याची धूळही असू शकेल. खात्री नव्हती, तर भाचीला का अडवलं? विचार करायला एक क्षणही लागला नाही मला. तोंडातून आपोआप निघालं — तिथं नाही.

त्या जागेवर महिनाभरात दुसरी मुलगी लागली. कल्पना तिचं नाव. गेल्या आठवड्यात दुसऱ्याच कामासाठी त्या कारखान्यात गेले होते, तेव्हा तिला पाहिलं. सुरी टेकवत होती, पांढरी रेघ उठत होती. माझ्याकडे बघून हसली, आणि मग तोंडावर मूठ धरून खोकली.

मी पुढच्या खोलीत गेले.