एकशे सत्तर किलोची गाठ

"पास झालेली फाइल कोणी परत उघडतं का, ताई?"

"मी उघडली."

"पण कशाला? कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. फोटो बघत होते. आता तूही बघ."

निलेशने बघितलं नाही. बऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसचा तो मालक. पण वैजयंतीताई त्याच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या, म्हणून चढलेला आवाज त्याला दर वाक्याला खाली आणावा लागत होता. ताईंचा डबा तसाच बंद होता.

आम्ही चौघं इथे आकडे भरतो. बाहेरची एक कंपनी कागद पाठवते, आम्ही त्यांचे तक्ते करून देतो. यंदा पश्चिम आफ्रिकेतला एक चिमुकला देश आला होता. तिथले कारखाने दर वर्षी किती कार्बन डायऑक्साइड सोडतात, दहा वर्षांत तो वाढला की घटला, हे दाखवायचं. आता चिमणीवर चढून धूर कोणी मोजत नाही. माल किती निघाला, टनामागे डिझेल किती जळलं, डिझेलमागे वायू किती, असा हिशेब लावतात. सिमेंट अमोलकडे होतं. कापसाच्या जिनिंग कारखान्यांचं काम आपसूक ताईंकडे गेलं, कारण निंबोल्याच्या रस्त्यावरच्या एका जिनमध्ये त्यांनी अकरा वर्षं वजनकाट्यावर काढली होती. रुई दाबून बांधलेली गाठ काट्यावर चढायची, ताई काळ्या रंगाने तिच्यावर वजन लिहायच्या. जिन बंद पडला तेव्हा निलेशने त्यांना इथे आणलं. पंचेचाळिसाव्या वर्षी त्या कॉम्प्युटर शिकल्या.

त्या देशाचे पहिल्या सात वर्षांचे आकडे टनात आले होते, शेवटच्या तीन वर्षांचे गाठींत. ताईंनी गाठींचे टन केले. गाठ म्हणजे एकशे सत्तर किलो, हे बऱ्हाणपुरात कोणी विचारत नाही, कोणी सांगतही नाही. त्यांनीही कुणाला विचारलं नाही. तक्त्यातली रेघ शेवटच्या तीन वर्षांत छान खाली उतरली. कंपनी खूश झाली, देशातलं प्रदूषण घटतंय असं तिच्या अहवालात छापून आलं, आणि निलेशने सगळ्यांना मावा जिलेबी खाऊ घातली.

काल त्याच अहवालात ताईंना तो फोटो दिसला. जिनचं आवार, नाकाला फडकं बांधलेला एक माणूस, हातात ब्रश, आणि समोरच्या गाठीवर काळ्या रंगात २२२. मागच्या गाठीवर २१९.

"हात चालला रे," ताई म्हणाल्या. "डोकं चाललंच नाही. तिथली गाठ दोनशे वीसच्या आसपासची. रेघ खाली नाही जात, वर जाते. तीन वर्षं जवळजवळ चौथाई कमी धरलं आपण."

निलेशने समजावून पाहिलं. कोणाला पडली आहे, म्हणाला, एवढ्याशा देशाची. पुढच्या महिन्यात आणखी तीन देशांचं काम मिळतंय. एक चूक आपणच दाखवली तर ते सगळंच तपासतील, आणि काम इंदूरला जाईल. मग अमोल कुठे जाणार, तुम्ही तरी कुठे जाणार. बोलता बोलता त्याच्या कपाळावर घाम आला. अमोल कानाला हेडफोन लावून बसला होता, पण त्याची वायर टेबलावर मोकळीच पडली होती.

"पुढच्या वर्षी आकडे टनात आले तर?" ताईंनी विचारलं. "रेघ एकदम उडेल. ते आपल्याला नाही विचारणार. म्हणतील, कारखान्यांनी तीन वर्षं खोटं सांगितलं. मग याला विचारतील." त्यांनी फोटोतल्या माणसावर बोट ठेवलं.

"तुम्ही ओळखता का त्याला?"

"पंडितला ओळखत होते."

पंडित जिनमध्ये त्यांच्याच काट्यावर होता. एका ट्रकमागे अकरा किलोंचा फरक निघाला. काटा जुना होता, हे सगळ्या जिनला माहीत होतं. ताईंनाही. चौकशीला माणूस आला तेव्हा कोणीच बोललं नाही, आणि पंडितला चोर म्हणून घरी पाठवलं. त्या दिवशी आपली पण नोकरी जाईल म्हणून ताई गप्प बसल्या होत्या. हे सांगताना त्यांनी निलेशकडे पाहिलं नाही, स्क्रीनकडेच पाहत राहिल्या.

निलेशने खुर्ची ओढून दुरुस्तीचा फॉर्म उघडला, पासवर्ड टाकला आणि कीबोर्ड ताईंकडे सरकवला. ताईंनी एका बोटाने कारण लिहिलं. गाठीचं वजन भारतातलं धरलं गेलं. त्याखाली एकच रकाना उरला होता, चूक कोणाची, नाव.

"माझं लिहिते," त्या म्हणाल्या. "पण निलेश, खरं सांग. मला भीती वाटतेय. हे पाठवलं की उद्या मी यायचं की नाही?"

निलेशने टेबलावरचं हेल्मेट उचललं. दारात सगळ्यांच्या चपला एकमेकांत अडकल्या होत्या, त्यातून त्याने आपली जोडी पायानेच ओढली आणि तो जिना उतरून गेला. ताईंनी रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला.