पदराचा काठ

दुष्काळात सोसायटीने वडवणीजवळ चारा छावणी उघडली, तेव्हा सत्यभामा सासऱ्यासोबत म्हशी घेऊन तिथेच मुक्कामाला होती. उजव्या गालात अशी कळ मारायची की तोंडातला घास तसाच राहायचा. दाढच दुखतेय म्हणून तिने हट्टाने तीन दाढा उपटून घेतल्या. आणि कळ? ती जागच्या जागी!

शेवटी बीडच्या डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्याची संवेदना तपासायला कापसाचा तंतू तिच्या बुबुळाला टेकवला. पापणी झटकन मिटली. मग तोच कापूस गालावरून फिरवला, तशी सत्यभामा किंचाळली.

"दाढा चांगल्या होत्या, बाई. चेहऱ्याची शीर बिघडलीय. साधा स्पर्शसुद्धा ती मेंदूला वेदना म्हणून कळवते. गोळ्या घ्या, आणि गालाला कापड लागू देऊ नका."

सत्यभामा धुमसतच छावणीत परतली. डोक्यावरच्या पदराचा काठ दिवसभर गालाला घासायचा. तो तिने सरळ खांद्यावर टाकला आणि शेण भरायला लागली. तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन आले.

"पदर घे की! लाज न्हाई का?" सासरा म्हाळू खेकसला.

तिने पाटी आपटली. "मामा, चांगल्या तीन दाढा उपटल्या, तवा कुणी आडवं आलं न्हाई. डोक्यावरचा पदर सरकला, तर लगीच बोंब?"