कौतिकनानांचे अठ्ठेचाळीस टक्के

कौतिकनानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते न्यायदान करत होते. जळगावबाहेरच्या दलिचंदशेठच्या ऑइल मिलच्या अंगणात लाकडी खुर्चीवर बसलेले. समोर चार व्यापारी, सहा दलाल आणि अडीचशे पोती शेंगदाणे, सगळे सारखेच गप्प. नानांनी एका पोत्यातून एक दाणा उचलला, वर्तमानपत्राच्या कपट्यावर ठेवला, पितळी बत्त्याने असा ठेचला की त्याने जागच्या जागी सगळे गुन्हे कबूल करावेत, आणि कागद उन्हाकडे धरला. वारा थांबला. मिलचं यंत्र थांबलं. माझी तर खात्री आहे की भुसावळकडे निघालेली एक मालगाडीही सिग्नल नसताना थांबली. कागदावरच्या डागातून सूर्याकडे बघत नाना म्हणाले, "सेहेचाळीस." एका व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला, दुसऱ्याने लावलेला काढला, आणि मालगाडी पुढे गेली.

मी त्या दिवशी मिलमध्ये कारकून म्हणून रुजू झालो होतो. सेहेचाळीस म्हणजे शंभर किलो दाण्यात सेहेचाळीस किलो तेल, हे मला संध्याकाळी कळलं. मिलमध्ये काचेच्या नळ्यांची एक छोटी प्रयोगशाळाही होती. तिचा आकडा यायला दिवस लागायचा, नानांचा दोन मिनिटांत यायचा. दोन्हींत फरक पडला तर शेठ प्रयोगशाळेला पुन्हा तपासायला सांगत.

नाना मूळचे एरंडोलकडचे. बोलायला मोकळे, खायला त्याहून मोकळे. त्यांच्या घरी झुंबरबाई, म्हणजे आमच्या अक्का, वांग्याचं जे भरीत करायच्या त्याची कीर्ती पार धुळ्यापर्यंत होती. हिवाळ्यात मिलची भरीत पार्टी व्हायची तेव्हा चार बायका मदतीला असल्या तरी ठेचायला अक्काच बसायच्या. वरून तेल सोडायच्या तेव्हा नाना डोळे मिटून घेत. आरतीच्या वेळी मिटतात तसे.

मग १९८६ च्या दिवाळीत नानांचे थोरले भाऊ गेले. छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात संपलं. बावन्नावं वर्ष चालू होतं. नानांचे वडील बावन्नाव्या वर्षी असेच गेले होते. आजोबाही. दहाव्याहून परत आल्यावर नाना माझ्या टेबलाशी येऊन बसले.

"भाऊ, माझा जन्म आखाजीचा, अक्षय्यतृतीयेचा," ते म्हणाले. "येत्या आखाजीला एक्कावन्न पुरी होतील आणि बावन्नावं लागेल. त्याच्या पुढची आखाजी मला बघायचीय. एवढंच."

मी काहीतरी हसण्यासारखं बोलणार होतो. त्यांच्याकडे बघून चहा मागवला.

त्याच हिवाळ्यात जळगावात निसर्गोपचारावर एक व्याख्यान झालं. व्याख्याते पुण्याचे होते आणि इतके सडपातळ, की माइकच्या मागे उभे राहिले तेव्हा थोडा वेळ मंचावर कोणी आलंच नाही असं वाटलं. जे सूर्याने शिजवलं ते पुन्हा शिजवू नका, हे त्यांचं सूत्र. चूल हीच रोगांची आई आणि तळणीचं तेल हा बाप. व्याख्यानानंतर त्यांनी कॅलऱ्यांच्या तक्त्याची एक पुस्तिका वाटली. नाना ती छातीशी धरून घरी आले आणि अक्कांना म्हणाले, "उद्यापासून माझ्यासाठी चूल बंद."

दुसऱ्या दिवसापासून मिलमध्ये एक नवीन करमणूक सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत नाना डबा उघडत. त्यात काकडी, गाजर, टोमॅटो, मोड आलेली मटकी, दोन केळी आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे. प्रत्येक वस्तू लहान तराजूवर ठेवून, पुस्तिका बघून, पेन्सिलीने ते आकडे मांडत. काकडीच्या तेरा कॅलऱ्या. टोमॅटोच्या वीस. एकदा टोमॅटो थोडा सडका निघाला तर सडक्या भागाच्या दोन वजा केल्या. एकदा त्यांनी कच्चं वांगंही खाल्लं. वांग्याच्या चोवीस कॅलऱ्या होत्या आणि त्या गिळायला अठ्ठेचाळीस खर्च झाल्या असाव्यात, असं तोंड झालं होतं.

आणि दुसऱ्या डब्यात भिजवलेले शेंगदाणे. भिजवण्याआधीचे पाव किलो तरी. हे मात्र तराजूवर चढत नसत.

"हे नाही मोजत?" मी विचारलं.

"दाणा हा दाणा असतो भाऊ," नाना चघळत म्हणाले. "चुलीला लागला नाही, घाण्यात गेला नाही. त्यात कसलं आलंय मोजायचं? शिवाय काहीतरी पोटाला आधार नको का?"

आणि तो दाणाही साधा नव्हता. आलेल्या मालातला सर्वांत भरलेला, चकचकीत, ते स्वतः निवडून घ्यायचे. शेठ जैन. ते सूर्यास्तानंतर काही खात नसत, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी खात नसत. त्यांनी एकदा नानांचा डबा निरखून पाहिला आणि म्हणाले, "नाना, आम्ही तर काय काय सोडलं. पण तुम्ही तर शिजवणंच सोडलं. पुढच्या जन्मी आम्हाला ओळख द्या."

आठवड्याला वजन होई, पोत्यांच्या काट्यावर. दोन पोत्यांच्या मधे नाना चढत. काट्यावरचा हमाल निंबा दर वेळी तेच विचारायचा, "नाना, बारदान वजा करू का?" रिकाम्या पोत्याचं वजन करतात तसं त्याला नानांचं धोतर वजा करायचं असे. मग तो भिंतीवर खडूने आकडा लिही. सुरुवातीला चौऱ्याहत्तर होता. आखाजीला शहात्तर. पोळ्याला अठ्ठ्याहत्तर. दिवाळीला ऐंशी.

"हा काटा शेठने विकणाऱ्याच्या बाजूने लावलाय," नाना म्हणाले. पण हसले नाहीत. बावन्नावं लागून सहा महिने झाले होते. जिना चढताना ते मधे थांबायला लागले होते, आणि थांबलो हे कुणाला दिसू नये म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर बघत. त्या जिन्यावर कॅलेंडर नव्हतं. त्यांनी काकडी वाढवली, केळी एकावर आणली, आणि भूक लागते म्हणून दाण्याची मूठ आणखी मोठी केली.

अक्का एकदा मिलमध्ये काही निरोप द्यायला आल्या होत्या. मी विचारलं, कसं चाललंय घरी?

"एकटीसाठी एक भाकर थापायची भाऊ," त्या म्हणाल्या. "तवा तापेपर्यंत भूक निघून जाते. आणि हे समोर बसून काकडी मोजतात. मरायला घाबरतात म्हणून रागावता पण येत नाही."

मार्गशीर्षात भरीत पार्टी आली. नानांच्याच एरंडोलच्या शेतावर. तुऱ्हाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली गेली. अक्का लाकडी बडगीत ठेचायला बसल्या. कांद्याची पात, मिरच्या, लसूण, दाणे. नाना लांब, चिंचेखाली, आपले दोन डबे घेऊन. वास तिथपर्यंत जात होता. ते वाऱ्याकडे पाठ करून बसले होते, आणि वारा फिरला की तेही फिरत. तासाभरात त्यांनी चिंचेला पूर्ण प्रदक्षिणा घातली.

अक्का ते बघत होत्या. त्यांनी भरितासाठी आणलेल्यातला एक कोरडा दाणा उचलला, भाकरी गुंडाळून आणलेल्या वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, बत्त्याने दाणा ठेचला, आणि कागद घेऊन नानांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हाई देखा. कितला टक्का शे?"

तीस वर्षांची सवय. नानांनी कागद घेतला, उन्हाकडे धरला, एक डोळा बारीक केला.

"अठ्ठेचाळीस. माल चांगला शे."

"आनि तुम्हना डबामा?"

"तोच माल. मीच निवडेल शे," नाना म्हणाले, आणि कागद तसाच उन्हात धरून राहिले.

"बठ्ठा खान्देशले तेल सांगतस तुम्ही," अक्का म्हणाल्या. "आपला डबानं कधी मोजं नही."

पंगतीतून कोणीतरी हसायला सुरुवात केली. शेठने त्याच्याकडे नुसतं बघितलं. नानांचे ओठ हलत होते. ते हिशोब करत होते आणि मला तो ऐकू येत होता. पाव किलोचे अठ्ठेचाळीस टक्के, एकशेवीस ग्रॅम. रोज. खोबरं वेगळं. घरी दोघांत महिन्याला दोन किलो तेल जायचं, म्हणजे माणशी रोजचं तेहेतीस ग्रॅम. ज्या तेलाला घाबरून त्यांनी अक्कांच्या हातचं सोडलं होतं, त्याच्या जवळजवळ चौपट ते रोज चावून खात होते. जिल्ह्यातल्या सगळ्यांत जास्त तेलाचा दाणा निवडून.

नानांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. उठून पंगतीत आले, शेवटच्या पानावर बसले. अक्कांनी वाढलं. तेल सोडायच्या वेळी त्यांचा हात थांबला.

"सोड," नाना म्हणाले. "पण थोडं." आणि डोळे मिटले.

त्यानंतर त्यांनी कच्चं सोडलं नाही आणि शिजवलेलंही नाही. काकडी राहिली, दाण्याची मूठ चिमटीवर आली, भाकरी परत आली. पुस्तिका अक्कांनी चूल पेटवायला वापरली, असं त्या सांगत. जिन्यात नाना अजूनही मधे थांबत. प्रत्येक आकडा त्यांना सांगता येत होता, फक्त आपल्या उरलेल्या दिवसांचा सोडून.

१९८८ ची आखाजी आली. त्यांनी मला घरी बोलावलं होतं. आमच्याकडे आखाजीला गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. देव्हाऱ्याजवळ तीन घागरी होत्या, आजोबांची, वडिलांची आणि थोरल्या भावाची, त्यांवर खरबूज आणि सांजोऱ्या. नाना पाटावर बसून त्यांच्याकडे बघत होते.

"आजपासून मी तिघांपेक्षा मोठा," ते हळूच म्हणाले. "आता बापाला काय म्हणायचं, सांगा."

आतून अक्का म्हणाल्या, "जेवाले चला. मांगून इचारा."

आम्ही पुरणपोळी आणि आमरस जेवलो. नानांनी किती खाल्लं ते कोणी मोजलं नाही.

नाना १९९५ च्या पावसाळ्यात काविळीने गेले. हृदय शेवटपर्यंत ठणठणीत होतं, असं डॉक्टर म्हणाले.