आप्पांचा निकाल

"मूळ खेळाला हात लावलेला न्हाय हं मास्तर. नुसतं थोडं आपलं केलंय."

कोर्टातून आले की कोट खुंटीला अडकवायच्या आधी आप्पा त्याच कोटाच्या बाहीने यंत्राची काच पुसायचे आणि हे वाक्य म्हणायचे. आप्पा म्हणजे वडगावात आमच्या शेजारी राहणारे वकील. यंत्र म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरमधली जुनी उंच पेटी. निपाणीचं एक पार्लर बंद पडलं तेव्हा त्यांनी ती टेम्पोत घालून आणली. वहिनींनी त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही.

पेटीत दोघांच्या मारामारीचा खेळ होता. जुन्या खेळांत मनासारखे बदल करणारे हौशी लोक जगभर आहेत म्हणे. त्यांच्याकडून आप्पांनी विद्या उचलली, परदेशी पैलवान हाकलले आणि आमची गल्ली आत घातली. मी डस्टर फेकून मारायचो. गणपती मंडळाचे अध्यक्ष पावतीपुस्तकाने हाणायचे. संगीत म्हणून मागे गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट. असा एखादा वल्ली तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्या हाती अशी पेटी लागली नाही, हे तुमचं नशीब.

कोर्टात आप्पांची ख्याती तडजोडीची. उचगावचे भाऊ-भाऊ बांधावरून भांडत आले, तर दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायला लावून ते परत पाठवायचे.

"दिवसभर तडजोडी करून जीव विटलाय," ते म्हणायचे. "हितं तरी निकाल लागू दे. एकजण पडला पायजे, एकजण उभा ऱ्हायला पायजे."

पडद्यावर कुणी आडवा झाला की ते टाळ्या पिटायचे. पडणारे ते स्वतः असले तरी.

पण गल्लीला खेळ कळला नाही, ताकद तेवढी कळली. प्रत्येकाच्या डोक्यावर ताकदीची हिरवी पट्टी असे, मार बसेल तशी ती आखडायची. अध्यक्षांनी आपली पट्टी पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी चार माणसं घेऊन आले.

"आप्पा, हे काय बरं न्हाय. मंडळाचा अध्यक्ष मी, आणि माझी पट्टी मास्तरपेक्षा बारकी?"

"खेळ हाय की ओ."

"खेळ हाय म्हणूनच सांगालोय. पोरं बगत्यात."

आप्पांनी वाढवली. मग माजी नगरसेवक आले, मग पतसंस्थेसाठी दारोदार रोजची पिग्मी गोळा करणारे अण्णा. मी तक्रार केली नाही; डस्टर जरा लांब जावं, एवढंच सुचवलं. दिवाळीपर्यंत सगळ्यांच्या पट्ट्या सारख्या आणि भरगच्च झाल्या. कितीही हाणा, कुणाचीच कमी होईना. अध्यक्ष आणि पिग्मीवाले अण्णा एकदा जेवणवेळ होईपर्यंत एकमेकांना बडवत बसले. कुणीच पडलं नाही. "आता कसं झ्याक झालं!" म्हणत दोघे घरी गेले.

आप्पा पेटीसमोर बसून राहिले. "बगा मास्तर, हितंबी तडजोडच झाली." ते हसत होते, पण मला त्यांचं फार वाईट वाटलं. एका माणसाने हौसेने मांडलेला डाव आम्ही सगळ्यांनी मिळून मोडला होता.

यंदा उन्हाळ्यात आप्पा गेले. दिवसकार्य झाल्यावर आम्ही भेटायला गेलो, तर वहिनींनी आपणहून पेटी चालू केली.

"दवाखान्यातनं आल्यापास्नं ह्यालाच बसायचे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची ताकद होती तशी करून ठेवलीया. म्हणाले, निकाल लागू दे."

अध्यक्ष पुढे झाले. त्यांच्याविरुद्ध मी उभा राहिलो. त्यांची पट्टी पुन्हा बोटभर झाली होती. दोन फटक्यांत ते आडवे झाले. लख्ख निकाल.

टाळ्या कुणी पिटल्या नाहीत. अध्यक्ष पट्टीच्या रिकाम्या जागेकडे बघत उभे होते. आता हे भांडण काढणार, असं आम्हाला वाटलं.

"मास्तर," ते म्हणाले, "ही वाढवून द्या म्हणून आता मी कुणाच्या दारात जाऊ ओ?"

आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून डोळ्यांना लावली.