पडलेला आंबा वाटसराचा

आमच्या बांधावर गावरान आंब्याची चार झाडं आहेत. शेंदऱ्या, खोबऱ्या, साखऱ्या आणि एक आंबट, त्याला कुणी नाव दिलं नाही. बापानं लावलेली. डोंगरकड्याकडचं आमचं शिवार आता सगळं केळीचं नि हळदीचं झालं, पण ही चार झाडं मी हलू दिली नाहीत. बापाचा एक कायदा होता, तोही पाळला: झाडावरचा आंबा घरच्याचा, पडलेला वाटसराचा. बांधाच्या कडेनं जुनी गाडीवाट जाते. येणाराजाणारा खाली पडलेला उचलून खाईल, आपण त्याला हात लावायचा नाही.

मागच्या उन्हाळ्यात, मिरगाच्या तोंडावर, जावई आले. दरसाल येतात, आमच्या शेंदऱ्याचा रस खायला. सुनेनं आंबे पिळले, वाट्या भरल्या. जावयांनी पोळीचा घास बुडवला नि हात तसाच ठेवला. वाटीच्या काठावर पांढरी अळी चढून राहिली होती. तांदळाच्या कणीएवढी.

"मामा," जावई म्हणाले, "औंदा रसात शेवया टाकल्या काय?"

कुणी हसलं नाही. सून पदर तोंडाला लावून आत गेली. मी उठून आढी उघडली. वरून सोन्यासारखे आंबे, दाबले की बोट आत. फोडले तर अळ्याच अळ्या.

जावई गेल्यावर पोरगा म्हणाला, "आबा, ही झाडं ठेवून करायचं काय? सावलीनं खालचं रान बी वाया जाऊन राहिलं. तोडू. तेवढ्यात हळद होईल."

 दुसऱ्या दिवशी बाळापूरचा एक लाकूडतोड्या मोटारसायकलवर आला. शेंदऱ्याला कवेत घेऊन घेर पाहिला आणि बुंध्यावर लाल रंगाचा पट्टा ओढला. पोराला विचारलं, ह्याला कुणी बोलावलं? म्हणे, आपसूक आला. लाकूडतोडे आपसूक कधीपासून यायला लागले?

मी सांगितलं, "पुढच्या साली जावयाच्या वाटीत अळी निघाली तर खुशाल तोड. तवर कुऱ्हाड न्हाई, मशीन न्हाई."

"बराबर," पोरगा लगेच म्हणाला. इतक्या लवकर हो म्हणणाऱ्या माणसावर माझा भरोसा बसत नाही.

मग मला आठवला तो डबा. बांधापलीकडं माझ्या चुलत भावाची केसर आंब्याची नवी बाग आहे. त्यानं त्या सालीच कडेच्या झाडाला प्लास्टिकचा डबा टांगला होता, बरोबर माझ्या शेंदऱ्याच्या समोर. मी बांधावर गेलो.

"काहून रे, हे काय टांगलं?"

"फळमाशीसाठी हाय, अण्णा. आत वासाची गोळी असती. वासानं नर येतो, आतच मरतो."

"म्हणजे तू वास सोडून माशी बोलावतो."

"व्हय."

"कुठून बोलावतो?"

"येईल तिथून."

"आणि येता येता ती माझ्या झाडावर बसून येत असंल."

"अण्णा, माशीला वाट मी सांगत न्हाई."

हसत बोलला. पण मी त्याला लंगोटीपासून ओळखतो. माझ्या झाडांच्या सावलीत त्याची कडेची केसरची ओळ खुरटली आहे. माझी झाडं गेली तर ऊन कुणाला मिळणार? माझ्या पोराचं नि त्याचं बसणंउठणंही वाढलं होतं. एक डबा टांगतो, दुसरा लाकूडतोड्या आणतो. सगळं जुळत होतं. शिवाय माझ्या झाडांखाली सडक्या आंब्यांचा खच पडलेला. माझ्या चार झाडांचे एवढे आंबे सडतील? हा आपल्या बागेतले किडके रात्रीतून माझ्याकडं फेकत असणार, असं मी धरून चाललो.

पकडायचंच ठरवलं. भाकरी बांधून, पाण्याची कळशी घेऊन पहाटेच शेंदऱ्याखाली घोंगडी टाकली. झाडावर उशिराचा माल अजून होता. दिवसभर बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. चुलत भाऊ बांधाकडं फिरकला नाही. दुपारच्या झळा, केळीची पानं फाटल्याचा आवाज, बाकी सुनसान.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. चोर आला नाही, पण वाटसरूही आला नाही. एकही नाही. गावाच्या पलीकडच्या अंगानं डांबरी रोड झाल्यापासून जीपा नि मोटारसायकली तिकडूनच जातात. गाडीवाटेवर गवत उगवलंय. आंबा माझ्यासमोर पडत होता आणि पडला तिथंच राहत होता, आधीच्या सडक्या आंब्यांच्या शेजारी.

काठीनं एक सडका आंबा उलटा केला. आतून अळी निघाली, अंगाचं कडं केलं आणि टुणकन उडी मारून मातीत पडली. बघता बघता आत शिरली. तिथंच माती उकरली. गव्हाच्या दाण्यासारखे तांबूस कोश, मूठभर. दुसरीकडं उकरलं, तिथंही. चारी झाडांखाली जणू पेरणी झालेली. उगवणार होत्या माश्या.

घरी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरानं तोंडावर बोट ठेवून ऐकलं असतं नि मनात हसला असता. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला टोपलं घेऊन गेलो, पडलेला प्रत्येक आंबा उचलला, कमरेएवढा खड्डा खणून त्यात टाकला, वरून माती दाबली. झाडांखालची जमीन कुदळीनं उलटीपालटी केली. ऊन लागू दिलं, कोंबड्या सोडल्या.

चुलत भाऊ बांधावर येऊन उभा राहिला. "काय अण्णा, आंबे पुरून राहिलात? कोण मयत झालं?"

"तुझ्या माश्यांचं तेरावं हाय. जेवायला ये."

त्याच्यावरचा माझा संशय काही फिटला नाही. म्हणून औंदा कैऱ्या धरल्या तसा बाळापूरला जाऊन मीही एक डबा आणला. दुकानदाराला सांगितलं, भावासाठी पाहिजे. आणि टांगला तो आंबट झाडाला, त्याच्या बागेच्या अंगाला. म्हटलं, बघू आता कोण कुणाच्या माश्या ओढतो. आठ दिवसांनी उघडला तर डबा मेलेल्या माश्यांनी भरलेला. त्याच्या का माझ्या, ते ओळखू आलं नाही.

रोज सकाळी पडलेलं उचलून पुरायचं. बापाचा कायदा मोडला, असं कुणी म्हणंल. एकदा चुकूनमाकून एक धनगर मेंढरं घेऊन त्या वाटेनं आला नि पडलेल्या आंब्याला हात घातला. मी म्हणालो, "बाबा, तो ठेव." बांबूच्या झेल्यानं झाडावरचे चार पाडाचे आंबे उतरवून त्याच्या पटक्यात टाकले. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आंब्याकडं पाहिलं, कंबरेचा चाकू काढून आंबा चिरला, आत निरखलं, मगच खाल्ला. मला राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

मिरगाला जावई आले. ह्या खेपी रस मी पिळला. एकेक आंबा हातात फिरवून, देठापाशी दाबून, सालीवर टोचल्याचा काळा ठिपका दिसला की बाजूला. जावयांनी चमच्यानं वाटी तळापासून ढवळली. पोरगा त्यांच्या वाटीकडं बघत होता, मी पोराकडं.

"मामा, औंदा शेवया न्हाईत?"

"न्हाईत. पाहिजे असल्या तर तुमच्या मेव्हण्याला सांगा."

जावयांनी ती वाटी संपवली नि दुसरी पुढं केली. मग तिसरी. सून दारातून हसली. पोरगा हात धुताना पाठमोराच बोलला, "राहू द्या झाडं."

दुसऱ्या दिवशी मी विटेच्या तुकड्यानं शेंदऱ्यावरचा लाल पट्टा घासून काढला. पण लाकूडतोड्याचा नंबर पोराच्या मोबाईलात आहे. काढून टाक म्हणालो तर म्हणे, कधीच काढला. मोबाईलातलं मला कळत नाही. म्हणून दुपारची भाकरी मी अजून झाडाखालीच खातो.