नानांनी न सांगितलेलं कारण

“नाना असते तर पहिला पॉलिश पेपर त्यांनीच हातात घेतला असता,” व्हरांड्यात सरपंच कुणाला तरी सांगत होते. आत चौथीची मुलं खिडक्यांचा जुना हिरवा ऑइलपेंट घासायला लागली होती. नानांच्या स्मरणार्थ श्रमदान होतं.

नाना आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, फौजेतले निवृत्त सुभेदार. उंब्रजजवळच्या या शाळेत मी इंग्रजी शिकवायला आले, तेव्हा माझं मराठी पुस्तकी आणि आवाज बारीक. नाना दारातून ओरडायचे, “मॅडम, मोठ्यानं! पोरं काय खात न्हाईत तुमास्नी.” प्रत्येक मुलाचं नाव त्यांना पाठ. कुणी डबा विसरलं की त्यांच्या घरून भाकरी यायची.

दर स्वातंत्र्यदिनाआधी ते मुलांना पॉलिश पेपरचे तुकडे वाटायचे. “सोताच्या हातानं घासलं की शाळा आपली वाटती.” मुलं मग त्याच हिरव्या हातांनी पोहे खायची.

मी त्यांना सांगून पाहिलं. जुन्या रंगात शिसं असतं, कोरडं घासलं की धुळीतून पोटात जातं, लहान मुलांच्या मेंदूला ते फार वाईट. हे काम सुट्टीत करावं, खाली प्लास्टिक अंथरून, पाणी मारून. नंतर सगळं ओल्या फडक्यानं पुसावं.

नाना हसले. “आवं मॅडम, शिशाच्या गोळ्यांनी मेलो न्हाई, आता रंगानं मरतोय व्हय?” सगळा व्हरांडा हसला.

पुढं त्यांच्या नातीचं, स्वराचं, पोट सारखं दुखायला लागलं. कराडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं. नानांनी तिला तासगावला मामाकडे ठेवलं, तिथल्याच शाळेत घातलं. मग मला एकटीला गाठलं. त्या दिवशी आवाज त्यांचा बारीक होता.

“मीच दिला तिच्या हातात पेपर. एवढी वर्सं सगळ्यांच्याच पोरांस्नी दिला. मिटिंगला मीच सांगतो. तुमी थांबा.”

मिटिंगमध्ये ते छताच्या पत्र्यांवर बोलले. श्रमदान मात्र रद्द केलं: “यंदा पाऊस लय हाय.” मी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, “बोलतो की.” दिवाळीआधी झटका आला आणि नाना गेले. गावाला पावसाचं तेवढं कारण माहीत राहिलं.

त्यांची माया खोटी होती असं मी अजूनही म्हणणार नाही. भाकरी खरी होती. पण अब्रूचा प्रश्न आला, तेव्हा नानांनी फक्त आपलं पोर उचललं.

सरपंचांनी माइक माझ्यापुढं धरला. “मॅडम, नानांबद्दल दोन शब्द बोला की.”

“मुलांनो, पेपर खाली टाका, बाहेर या आणि हात धुवा,” मी म्हणाले. मग सरपंचांकडे वळले. “नानांनी स्वतःची नात या धुळीतून बाहेर काढली होती. तुमची मुलं अजून आतच आहेत.”